ही एस.टी. कोणती?

समजा, देऊळघाटची एक मुलगी दहावी होऊन बुलढाण्याला अकरावीत प्रवेश घ्यायला निघाली आहे. हातातल्या पिशवीत तीन कागद आहेत. पहिला शाळेचा दाखला. तो दाखवून तिला एस.टी.चा पास काढायचा आहे. दुसरा प्रवेशाचा अर्ज. त्यात एक रकाना आहे : 'एस.टी. असल्यास प्रमाणपत्र जोडावे'. तिसरा कागद आजोबांचा. काल त्यांच्या छातीत दुखत होतं म्हणून ई.सी.जी.ची पट्टी काढली, ती आज मोठ्या डॉक्टरांना दाखवायची आहे. बारीक चौकटींच्या त्या पट्टीवर कुणीतरी पेनानं लिहिलंय : एस.टी. नॉर्मल.

एका पिशवीत तीन एस.टी. आणि तिघींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. अर्ज भरताना ही मुलगी शेजारच्या ताईला विचारते, "मी एस.टी.नंच येणार आहे रोज, मग इथं 'होय' लिहू का?" हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. ज्या घरात कागद वाचणारी ही पहिलीच पिढी आहे, तिथल्या मुलीनं अक्षरांचा तिला माहीत असलेला अर्थ लावला, यात तिची चूक काय? चूक अर्ज छापणाऱ्याची आहे. दोनच अक्षरांना इतके अर्थ आले कुठून आणि त्यातला आपला अर्थ ओळखायचा कसा, हे या प्रकरणात पाहू.

१. घाट आणि एस.टी.

एका शब्दाला अनेक अर्थ असणं आपल्याला नवीन नाही. देऊळघाट हेच नाव घ्या. घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या, घाट म्हणजे डोंगरातली वाट. आपल्या जिल्ह्याची विभागणीच लोक 'घाटावर' आणि 'घाटाखाली' अशी करतात. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, खामगाव, शेगाव घाटाखाली. याशिवाय भांड्याचा घाट वेगळा, आणि लग्नाचा घाट घालतात तो आणखी वेगळा. पैनगंगा देऊळघाटापलीकडच्या डोंगरांत उगम पावते, त्यामुळे या गावाला नदीही जवळची आणि डोंगरही.

पण 'घाट' हा पुरता शब्द आहे. ऐकला की डोळ्यांसमोर काही ना काही उभं राहतं. 'एस.टी.'चं तसं नाही. ती दोन मोठ्या शब्दांची नुसती टोकं आहेत. दोन पोती धान्यानं भरली, तोंडं शिवली आणि वर खुणेला दोन अक्षरं काढली. आत ज्वारी आहे की सोयाबीन हे ज्यानं पोतं भरलं त्यालाच ठाऊक. लघुरूपाचं हे मूळ लक्षण ध्यानात ठेवू : अर्थ अक्षरांत नसतो, अक्षरं लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात असतो.

मराठीला अशी टोकं काढायची सवय जुनी आहे. पत्राची सुरुवात 'सा. न. वि. वि.', शेवट 'ता. क.'. पाकिटावर 'मु. पो. देऊळघाट, ता. जि. बुलढाणा'. इथला 'ता.' तालुका, पत्राच्या वरच्या कोपऱ्यातला 'ता.' तारीख, आणि 'ता. क.'मधला 'ता.' ताजा. एकाच पाकिटात तीन 'ता.' आले तरी कुणी गोंधळत नाही, कारण प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली आहे. जागेचं हे महत्त्व पुढे परत येईल.

२. लाल एस.टी.

महाराष्ट्रात 'एस.टी.' म्हटलं की दहातल्या नऊ माणसांना गाडी दिसते. ही अक्षरं 'स्टेट ट्रान्सपोर्ट'ची, म्हणजे राज्य परिवहनाची. या सेवेची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. पण ती गाडी तेव्हाच्या मुंबई प्रांताची होती, आणि देऊळघाट त्या प्रांतात नव्हतं. आपण होतो मध्य प्रांत-वऱ्हाडात. पश्चिमेला आणि दक्षिणेला थोडं गेलं की निजामाची हद्द लागायची, आणि निजामाच्या राज्यात १९३२ पासूनच सरकारी मोटारी धावत होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्याला जोडले गेले, त्यानंतर नागपूरकडची प्रांतिक परिवहन सेवा आणि मराठवाड्यातली सरकारी वाहतूक मुंबईच्या महामंडळात मिसळली. १९६० साली राज्य महाराष्ट्र झालं, तरी गाडीला लोक म्हणत राहिले एस.टी.च.

या नावात एक गंमतशीर बदल झाला आहे. 'स्टेट ट्रान्सपोर्ट' म्हणजे एक खातं, एक व्यवस्था. पण आपण म्हणतो 'एस.टी. आली', 'एस.टी. चुकली', 'एस.टी.त जागा धर'. खात्याचं नाव गाडीला चिकटलं आणि गाडी स्त्रीलिंगी झाली. पुढे 'एस.टी. स्टँड' झाला, 'एस.टी.वाले' झाले, रात्री गावात थांबून पहाटे सुटणारी 'मुक्कामी एस.टी.' झाली. लघुरूपाचा हा दुसरा टप्पा. काही लघुरूपं इतकी वापरली जातात की त्यांचा विस्तार गळून पडतो आणि ती स्वतःच शब्द होतात. आजीला 'स्टेट ट्रान्सपोर्ट' म्हणजे काय विचारा, सांगता येणार नाही. एस.टी. मात्र तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळते : कोणती किती वाजता, कोणत्या फाट्यावर थांबते, सगळं पाठ.

आपल्या मुलीच्या पहिल्या कागदावरची एस.टी. ही. ग्रामीण भागातल्या बारावीपर्यंतच्या मुलींना शाळा-कॉलेजच्या प्रवासासाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. मार्च २०२३ पासून तर सगळ्याच बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. माझ्या मते या राज्यात मुलींच्या शिक्षणाला जेवढा हात शाळेच्या इमारतींनी दिला, तेवढाच या लाल गाडीनं दिला. गावात सातवीपुढे वर्ग नाही आणि गाडीही नाही, म्हणजे मुलगी घरी. हे गणित अनेक गावांनी भोगलं आहे.

३. यादीतली एस.टी.

दुसऱ्या कागदावरची एस.टी. म्हणजे 'शेड्यूल्ड ट्राइब', अनुसूचित जमाती. इथे 'अनुसूचित' हा शब्द आधी समजून घेऊ. अनुसूची म्हणजे कायद्याला जोडलेली यादी. १९३५च्या भारत सरकार कायद्याच्या काळात काही जातींची अधिकृत यादी झाली आणि 'अनुसूचित जाती' हा शब्दप्रयोग रुळला. स्वातंत्र्यानंतर जमातींसाठीही तसंच झालं. घटनेचं ३४२वं कलम सांगतं की कोणत्या जमाती अनुसूचित, हे राष्ट्रपती प्रत्येक राज्यापुरतं अधिसूचनेनं ठरवतात. त्याप्रमाणे १९५० साली पहिली यादी निघाली. एकदा यादी निघाली की तिच्यात नाव घालायचा किंवा काढायचा अधिकार फक्त संसदेला.

म्हणजे ही एस.टी. गाडीसारखी सैल बोलीतली नाही. तिच्यामागे एक बंद यादी आहे, आणि त्या यादीतल्या प्रत्येक अक्षराला किंमत आहे. विदर्भाला याचा अनुभव आहे. यादीत 'हलबा' आहे. मग हलबा-कोष्टी त्यात येतात का, या प्रश्नावर वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. २००० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की यादी जशी लिहिली आहे तशीच वाचायची. न्यायालयाला तिच्यात भर घालता येत नाही. यादीतल्या 'धनगड' आणि प्रत्यक्षातल्या 'धनगर' या दोन नावांतला ड आणि र यांचा वादही असाच उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयानं त्या याचिका फेटाळल्या. एका अक्षरावर किती घरांचं आयुष्य टांगलेलं असू शकतं, हे यावरून कळतं.

आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. १९७६ साली यादीत झालेल्या दुरुस्तीआधी विदर्भात अनेक जमातींना ही ओळख ठरावीक भागांपुरतीच होती, म्हणजे मेळघाटसारख्या तालुक्यांत होती आणि शेजारच्या तालुक्यात नव्हती. नाव तेच, माणसं तीच, पण हद्द ओलांडली की 'एस.टी.' पुसली जायची. त्या दुरुस्तीनं ही प्रदेशाची अट बहुतेक ठिकाणी काढून टाकली. आपल्या जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, भिल्ल, भिलाला, कोरकू, निहाल यांच्या वस्त्या आहेत. तिथल्या मुलासाठी त्या रकान्यातली दोन अक्षरं म्हणजे शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरीतल्या ७ टक्के राखीव जागा. म्हणूनच तो रकाना चुकून भरला जाऊ नये, आणि ज्याचा हक्क आहे त्याच्याकडून कोराही राहू नये.

४. पट्टीवरची एस.टी.

आता आजोबांची पट्टी. इथे एक वेगळीच गोष्ट दिसते. या 'एस' आणि 'टी'चा विस्तारच होत नाही. ती कुठल्या शब्दांची आद्याक्षरं नाहीत.

हृदयाचं प्रत्येक आकुंचन बारीकशा विजेमुळे होतं. नेदरलँड्समधल्या लेडन इथले शास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हेन यांनी ही वीज कागदावर उतरवण्याची पद्धत घडवली. त्यासाठी त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. रेघेवर जे उंचवटे-खळगे दिसले त्यांना नावं हवी होती. त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी अशी ओळीनं अक्षरं दिली, भूमितीत बिंदूंना देतात तशी. पी म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची हालचाल, क्यू-आर-एस म्हणजे खालच्या मोठ्या कप्प्यांचा जोराचा झटका, टी म्हणजे झटक्यानंतर ते कप्पे पुन्हा तयार होणं.

राजूर घाट डोळ्यांसमोर आणा. खडा चढ, मग उतार, मग थोडा सपाट रस्ता आणि पुढे एक लहानसा उंचवटा. पट्टीवर क्यू-आर-एस हा खडा घाट, टी हा पुढचा उंचवटा, आणि मधला सपाट तुकडा म्हणजे 'एस.टी.'. त्या वेळी खालच्या कप्प्यांच्या सगळ्या पेशी एकाच अवस्थेत असतात, म्हणून रेघ सपाट राहते.

हा तुकडा केवढा? पट्टीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. एस.टी.चा तुकडा साधारण ०.०८ ते ०.१२ सेकंदांचा असतो. २५ ला ०.०८ नं गुणलं की २ मिलिमीटर, ०.१२ नं गुणलं की ३. म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान रेघ. ती सपाट आहे की वर उचलली गेली आहे, हे डॉक्टर बघतात. शेजारशेजारच्या नोंदींत ती एखादा-दोन मिलिमीटर वर गेलेली दिसली, तर हृदयाला रक्त पुरवणारी एखादी नळी पूर्ण बंद झाल्याची शंका येते. मग एक मिनिटही वाया घालवायचं नसतं. गुठळी विरघळवणारं औषध किंवा फुगा घालून नळी उघडणं, जे लवकर मिळेल ते.

आजोबांच्या पट्टीवर 'नॉर्मल' आहे, हे चांगलं. तरी इथे थांबून सांगायलाच हवं : पहिली पट्टी चांगली आली म्हणून छातीतलं दुखणं अंगावर काढू नये. झटका येऊ घातलेला असतानाही पहिल्या काही वेळात एस.टी. सपाट दिसू शकते, म्हणून डॉक्टर थोड्या थोड्या वेळानं पुन्हा पट्टी काढतात. दुखणं वाढलं, घाम फुटला, दम लागला तर १०८ ला फोन करावा. त्या वेळी लाल एस.टी.ची वाट बघू नये.

५. खण कमी, माल जास्त

एकाच जोडीला इतके मालक का मिळाले? हिशेब सोपा आहे. इंग्रजी अक्षरं २६. दोन अक्षरांच्या जोड्या २६ गुणिले २६, म्हणजे ६७६. बस, एवढेच खण. सरकारी खाती, रोग, पदव्या, कंपन्या, यंत्रं, कर, योजना हे सगळं त्या ६७६ खणांत कोंबायचं. त्यात इंग्रजीत एस आणि टीनं सुरू होणारे शब्द भरपूर, म्हणून या खणात गर्दी जास्त. इंग्रजी नकाशावरच्या रस्त्याच्या नावापुढे 'एस.टी.' दिसली तर ती 'स्ट्रीट'; चर्चच्या किंवा मुंबईतल्या एखाद्या जुन्या रुग्णालयाच्या नावाआधी असली तर ती 'सेंट', म्हणजे संत. इंग्लंडला राहणाऱ्या भाच्याच्या घरी वजनाच्या काट्यावर '१० एस.टी.' दिसलं तर तो 'स्टोन', १४ पौंडांचा. दहा स्टोन म्हणजे सुमारे ६३.५ किलो.

तिसरं अक्षर जोडलं की खण १७,५७६ होतात. तरी टक्कर टळत नाही. शेवटी 'डी' लावला की पूर्वीच्या पिवळ्या बूथवरची एस.टी.डी., जिच्यासाठी बुलढाण्याचा क्रमांक ०७२६२ फिरवायचा. पण हीच तीन अक्षरं लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगांसाठीही वापरली जात. आधी 'सी' लावला की सी.एस.टी. देऊळघाटहून मुंबईला जायचं तर एस.टी.नं मलकापूर गाठायचं आणि तिथून रेल्वेनं सी.एस.टी. व्ही.टी. स्थानकाला १९९६ साली छत्रपतींचं नाव दिलं गेलं, आणि २०१७ साली त्यात 'महाराज' जोडून सी.एस.एम.टी. झालं. त्या एकवीस वर्षांत कापूस राज्याबाहेर पाठवणाऱ्या व्यापाऱ्याच्या बिलावरही सी.एस.टी. असायची, ती केंद्रीय विक्रीकराची. स्थानक आणि कर यांत कुणी फसत नाही, कारण एकात बसायचं असतं आणि दुसरा भरायचा असतो.

खरी अडचण येते ती एकाच विषयात दोन अर्थ आले की. आपली मुलगी अकरावीत रसायनशास्त्र घेईल तेव्हा तिला 'एस.टी.पी.' भेटेल, म्हणजे प्रमाण तापमान आणि दाब. एका पुस्तकात लिहिलेलं असेल की या स्थितीत एक मोल आदर्श वायू २२.४ लिटर जागा घेतो, दुसऱ्यात असेल २२.७ लिटर. दोन्ही बरोबर आहेत. १९८२ साली रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं प्रमाण दाब एक ॲटमॉस्फिअरवरून एक बार केला. दाब थोडा कमी, म्हणून जागा थोडी जास्त. नाव तेच राहिलं, आतली व्याख्या बदलली. ज्या लघुरूपाचा अर्थ आपल्याला पक्का ठाऊक आहे असं वाटतं, तिथेच असं घडतं. (गृहसंकुलाच्या मागे 'एस.टी.पी.'ची पाटी दिसली तर मात्र ते सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र आहे.)

दवाखान्यात हा प्रकार जिवावर बेततो. 'एम.एस.' ही अक्षरं मॉर्फिन सल्फेटलाही लागतात आणि मॅग्नेशियम सल्फेटलाही. पहिलं तीव्र वेदनेवरचं, दुसरं बाळंतपणात झटके येऊ नयेत म्हणूनचं. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेनं २००४ पासून अशा काही लघुरूपांना बंदीच घातली. पूर्ण शब्द लिहा, मग कितीही घाई असो.

६. शेजारी बघून ओळख

तर मग अर्थ ओळखायचा कसा? अनोळखी माणसाला आपण विचारतो, "कुणाकडचे?" तसंच लघुरूपाचे शेजारी बघायचे. 'चुकली', 'लागली', 'फलाट', 'तिकीट' शेजारी असतील तर गाडी. 'प्रवर्ग', 'पडताळणी', 'राखीव मतदारसंघ' असतील तर जमात. 'पट्टी', 'वर गेली', 'मिलिमीटर' असतील तर हृदय.

हा नियम बहुतेक वेळा पुरतो. पण दोन एस.टी.चे शेजारी एकच निघाले तर? हे वाक्य पाहा : 'एस.टी. सवलतीसाठी दाखला आवश्यक.' सवलत गाडीतही आहे आणि शिक्षणातही. दाखला शाळेचाही असतो आणि जमातीचाही. याहून अवघड, 'एस.टी. आरक्षण आजपासून सुरू'. गाडीत बसायची जागा राखून ठेवणं हेही आरक्षण, आणि घटनेनं दिलेलं तेही आरक्षण. मराठीत दोन्हींना एकच शब्द असल्यानं शेजारी मदतीला येत नाही. अशा वेळी कागद कोणत्या खिडकीवर लावला आहे, तेवढंच बघायचं उरतं. पाकिटावरच्या 'ता.'सारखी जागाच अर्थ सांगते.

७. एक काना

मराठीत लघुरूपं केली तर हा घोळ मिटेल का? महामंडळाच्या कागदांत गाडीसाठी 'रा.प.' लिहितात : रा.प. बस, रा.प. कर्मचारी. जमातीसाठी 'अ.ज.' आहे. म्हणजे इंग्रजीत एकत्र अडकलेल्या दोघी मराठीत सुट्या झाल्या. पण लगेच नवी अडचण. अनुसूचित जातीसाठी 'अ.जा.' आणि अनुसूचित जमातीसाठी 'अ.ज.'. निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रात छापतात : मेहकर (अजा), मेळघाट (अज). दोन वेगळे समाजगट, दोन वेगळ्या याद्या, दोन वेगळे हक्क, आणि मध्ये फक्त एक काना. शाई पुसट झाली की तोही जातो. अर्जावर तरी 'अनुसूचित जमाती' हे दोन शब्द पुरते छापावेत. रकान्यात त्यांना जागा होते, मी मोजून पाहिलं आहे.

गावातल्या जुन्या माणसांनी मात्र आपल्यापुरता उपाय कधीच केला आहे. ती गाडीला एस.टी. म्हणत नाहीत, 'यष्टी' म्हणतात. यष्टी आली, यष्टी गेली. जमातीच्या दाखल्याला 'यष्टीचा दाखला' म्हणताना मी कुणालाच ऐकलं नाही, आणि डॉक्टरही आजोबांची यष्टी वर गेली असं म्हणत नाहीत. ज्या माणसांना ही दोन इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, त्यांच्या जिभेनं या तिघींतली एक वेगळी काढून तिला स्वतःचं नाव दिलं, आणि पहाटे फाट्यावर उभं राहून त्याच नावानं ते तिची वाट बघतात.